एका पात्याचे दोन तुकडे

सकाळचे सात वाजून चाळीस मिनिटं झाली होती आणि सलूनमध्ये धाकटे भाऊ दाढीचं पातं मोडत होते. पातं कागदातून बाहेर काढायचं नाही. कागदासकट दोन्ही हातांच्या चिमटीत धरायचं, मधोमध लांबीवर वाकवायचं आणि कट् असा आवाज आला की कागद उलगडायचा. आत दोन सारखे तुकडे असतात. एक तुकडा पहिल्या वस्तऱ्याच्या खाचेत, दुसरा दुसऱ्या वस्तऱ्याच्या खाचेत. मग दोन्ही वस्तरे मिटायचे आणि दोन खुर्च्यांसमोरच्या दोन फळ्यांवर ठेवायचे. पुढच्या गिऱ्हाइकांसाठी नवी पाती दिवसभर मोडली जातात, पण दिवसाचं पहिलं पातं असं दोन वस्तऱ्यांत वाटलं जातं. या कामाला वीस सेकंद लागतात. चाळीस वर्षांत धाकट्यांनी या वीस सेकंदांकडे कधी लक्ष दिलं नव्हतं. त्या बुधवारीही दिलं नाही.

द्यायला हवं होतं. गेले आठ महिने दुसऱ्या वस्तऱ्यात पातं घालायचं नाही, असं ठरलेलं होतं.

दुसरी खुर्ची थोरल्या भावाची. त्यांना सगळी वस्ती दादा म्हणते. दादा बहात्तर वर्षांचे आहेत आणि धाकटे एकसष्ट वर्षांचे, तरी गिऱ्हाइकांच्या तोंडी ते अजून धाकटेच आहेत. त्यांच्या डोक्यावर आता जेमतेम कानांपुरते केस उरले आहेत, दुकानाचं कुलूप चाळीस वर्षं तेच उघडतात. पण बढती काही मिळालेली नाही. त्यांच्या लग्नाचं राहून गेलं. दादांची बायको सहा वर्षांपूर्वी वारली. तेव्हापासून दोघे भाऊ दुकानामागच्या दोन खोल्यांत राहतात.

दादांना अल्झायमर आहे. डॉक्टरांनी हे नाव सांगितलं तेव्हा धाकट्यांनी ते एका कागदावर लिहून घेतलं, कागद वरच्या खिशात ठेवला आणि शर्ट धुवायला टाकला. ते स्वतः त्या दुखण्याला नाव घेऊन हाक मारत नाहीत. "ते डॉक्टर म्हणाले ते" असं म्हणतात.

सुरुवात अशी झाली की दादांनी एका माणसाची दाढी केली, तो बाकावर बसून वर्तमानपत्र वाचू लागला, आणि दहा मिनिटांनी दादांनी त्याला पुन्हा खुर्चीत बसवून फेस लावला. माणूस भिडस्त होता. दुसऱ्यांदा दाढी करून निमूट घरी गेला. पुढच्या महिन्यात एका बँकेच्या मॅनेजरला दादांनी शाळकरी मुलाचा कट मारून दिला, कारण तो माणूस शाळेत असताना दादांकडेच यायचा आणि दादांच्या लेखी तो अजून सातवीतच होता. मॅनेजरांना तो कट शोभला, असं धाकटे सांगतात. मॅनेजर पुन्हा आले नाहीत, हेही सांगतात.

मग आरशाचं सुरू झालं. न्हाव्याच्या दुकानात आरसे समोरासमोर असतात आणि तिथे स्वतःला टाळून जगणं अशक्य असतं. दादांना समोरच्या आरशात एक पांढऱ्या मिशीचा म्हातारा दिसायचा. तो कोण, ते त्यांना कळेना. पण तो दुकानात बसलाय म्हणजे गिऱ्हाईक असणार, हे मात्र कळायचं.

"अरे, ते गृहस्थ कधीचे ताटकळलेत," दादा धाकट्यांना म्हणायचे. "त्यांना आधी घे."

"घेतो दादा."

"मघापासून घेतो घेतो म्हणतोयस. माणूस काय मनात म्हणेल?"

दुपारपर्यंत हे चालायचं. संध्याकाळी दादा त्या गृहस्थांची स्वतः जाऊन माफी मागायचे. गृहस्थही तेवढ्याच अदबीनं मान झुकवायचे. एकदा मात्र दादा रडकुंडीला आले, कारण गृहस्थ काही केल्या उठून जाईनात. त्या दिवशी धाकट्यांनी आरसा झाकायचं ठरवलं.

झाकायला पुतणीनं पोस्टर आणून दिलं. पुतणी म्हणजे दादांची एकुलती एक मुलगी, वय अडतीस. रुग्णालयाच्या नोंदणी खिडकीवर बसते आणि दोन गल्ल्या पलीकडे राहते. पोस्टर रुग्णालयाचंच होतं: ‘स्मरणशक्ती जपा: बारा गोष्टी’. आकार आरशाला बरोबर बसला. त्यामुळे दुसऱ्या खुर्चीत बसणाऱ्या माणसाला समोर स्वतःचं तोंड दिसत नाही, उपदेश दिसतो. रक्तदाब तपासा. साखर तपासा. धूम्रपान सोडा. दारू टाळा. वजन आटोक्यात ठेवा. रोज चाला. पुरेशी झोप घ्या. कमी ऐकू येत असेल तर यंत्र लावा. चष्म्याचा नंबर तपासा. डोक्याला मार लागू देऊ नका. लोकांत मिसळा. काहीतरी नवं शिका. वस्तीतल्या निम्म्या पुरुषांना ही यादी आता पाठ आहे. पाळणारा कोणी असल्याची नोंद नाही.

पाळणारे एकच होते. दादा. दादांनी आयुष्यात सिगारेट ओढली नाही, दारूला शिवले नाहीत. पहाटे चार किलोमीटर चालायचे, वर्तमानपत्रातलं शब्दकोडं पेनानं सोडवायचे, साठाव्या वर्षी बासरी शिकायला लागले. धाकट्यांनी हे डॉक्टरांना विचारून पाहिलं होतं.

"सगळं केलं हो यांनी. मग उपयोग काय त्या यादीचा?"

"यादी म्हणजे छत्री समजा," डॉक्टर म्हणाले. "छत्री घेऊनही माणूस भिजतो. नसली तर जास्त भिजण्याची शक्यता. सगळ्यात मोठा धोका म्हणजे वय, आणि त्यावर माझ्याकडे औषध नाही."

"आणि भावाला असलं तर भावाला होतं?"

"शक्यता थोडी वाढते. होतंच असं नाही. तुमची छत्री कशी आहे?"

धाकटे तेव्हा हसले होते. धाकट्यांची छत्री अशी: मागच्या दाराशी उभं राहून दिवसाला आठ सिगारेटी. रक्तदाबाच्या गोळ्या, आठवण होईल तेव्हा. चालणं, पहिल्या खुर्चीपासून दुसऱ्या खुर्चीपर्यंत. झोप, दादा झोपू देतील तेवढी. लोकांत मिसळणं मात्र भरपूर, पण सगळे पाठमोरे आणि मानेला टॉवेल गुंडाळलेले.

त्याच भेटीत डॉक्टरांनी दादांची परीक्षा घेतली. तीन शब्द सांगितले, चावी, झाड, खिडकी. आणि पाच मिनिटांनी विचारले. दादा म्हणाले, "चावी. कुणाची हरवलीय?" बाकीचे दोन त्यांना आले नाहीत. बाजूला बसलेल्या धाकट्यांनी मनातल्या मनात उत्तरं दिली: चावी, झाड. तिसरा शब्द त्यांनाही आला नाही. हे त्यांनी कोणाला सांगितलं नाही. घरी जाताना चौकात खिडकी आठवली, तेव्हा ते रस्त्यात थांबले, आणि दादांनी त्यांचा हात धरून त्यांना रस्ता ओलांडून दिला.

आता वस्तऱ्याचं. आजार कळल्यावर दादांच्या हातातून वस्तरा काढून घेतला, तेव्हा दादा तीन दिवस जेवले नाहीत. नुसते खुर्चीमागे उभे राहून हाताची बोटं हलवायचे. मग धाकट्यांनी युक्ती काढली. वस्तरा द्यायचा, पातं काढून. गिऱ्हाईक दुसऱ्या खुर्चीत बसणार, दादा फेस लावणार, रिकामा वस्तरा गालावरून फिरवून फेस काढणार, टॉवेलनं तोंड पुसणार. मग गिऱ्हाईक उठून पहिल्या खुर्चीत येणार आणि धाकटे खरी दाढी करणार. रोज चार-पाच जण हौसेनं तयार होतात. त्यांत आघाडीवर निवृत्त पोस्टमन. "एकाच दाढीत दोनदा फेस," ते म्हणतात, "असं सुख राजालाही नाही."

पुतणीला हे पसंत नव्हतं.

"काका, उद्या चुकून खरा वस्तरा हातात आला तर?"

"येणार नाही. मी आहे ना."

"तू आहेस म्हणूनच म्हणतेय." तिनं वृद्धनिवासात वडिलांचं नाव नोंदवून ठेवलं होतं. जागा चांगली होती, नर्स होत्या, बाग होती. "हे बघ, एक ठरवू. बाबांच्या हातून कोणाला खरचटलं, रक्ताचा एक थेंब जरी आला, तर त्याच आठवड्यात बाबा तिकडे जातील. मग वाद घालायचा नाही."

"तिकडे त्यांना खुर्ची मिळेल का?"

"बसायला मिळेल."

"बसायला नको. मागं उभं राहायला."

पुतणीनं अट मागे घेतली नाही, आणि धाकट्यांनी ती मान्य केली. आठ महिने एकही थेंब नाही.

त्या बुधवारच्या आदल्या रात्री दादा तीनदा उठले. एकदा दुकान उघडायला, दोनदा वडिलांना शोधायला. धाकट्यांची झोप अडीच तास झाली. रक्तदाबाच्या गोळ्या संपून चौथा दिवस होता. औषधाचं दुकान शेजारून तिसरं आहे. रोज ते बंद झाल्यावर धाकट्यांना आठवायचं. सकाळी डोकं जड होतं, म्हणून त्यांनी विचार केला नाही. हातांनाच काम करू दिलं. आणि हातांनी चाळीस वर्षं जे केलं होतं ते केलं: एक तुकडा स्वतःचा, एक दादांचा.

सकाळी दादा उशिरापर्यंत झोपतात, मग पाठीमागच्या अंगणात दोन फेऱ्या मारतात, बासरी वाजवतात. सूर अजून पक्के आहेत. साडेबाराला ते पांढरा कोट घालून दुकानात येतात. त्या दिवशीही आले. बारा पन्नासला पोस्टमन आले आणि दुसऱ्या खुर्चीत रेलून बसले.

"दादा, आज जरा लवकर हं. सुनेनं जेवायला बोलावलंय."

"तुम्ही हलला नाहीत तर लवकर," दादा म्हणाले आणि ब्रश फिरवू लागले.

पहिल्या खुर्चीत एक शाळामास्तर होते. धाकटे त्यांच्या मानेवरचे केस कापत होते. तेवढ्यात मागून आवाज आला. रिकाम्या वस्तऱ्याला आवाज नसतो. तो फेसावरून नुसता सरकतो. हा आवाज वेगळा होता. दोन दिवसांच्या खुंटांवरून पातं जातं तेव्हा बारीक खरखर होते, तशी खरखर. न्हाव्याला हा आवाज झोपेतही कळतो.

धाकट्यांची कात्री हवेतच राहिली.

पोस्टमनलाही कळलं होतं. त्यांनी डोळे उघडले होते आणि समोर बघत होते. समोर आरसा नव्हता, पोस्टर होतं. नंतर ते सांगायचे की डोक्याला मार लागू देऊ नका हे वाक्य त्यांनी त्या दिवशी तीसेक वेळा वाचलं आणि गळ्याबद्दल यादीत काहीच कसं नाही, याचं त्यांना नवल वाटलं.

धाकट्यांना काय करायचं नाही ते माहीत होतं. ओरडायचं नाही. झडप घालायची नाही. हातातली वस्तू हिसकावायची नाही. असा माणूस दचकला तर हात कुठे जाईल सांगता येत नाही. हळू बोलायचं, बाजूनं यायचं, हातात दुसरं काहीतरी द्यायचं. त्यांनी टॉवेल उचलला आणि दोन पावलं टाकली.

"दादा, टॉवेल घेतोस?"

"थांब जरा. मधेमधे करू नकोस," दादा म्हणाले. वर बघितलंसुद्धा नाही.

दार ढकलून पुतणी आत आली. हातात जेवणाचा डबा. ती रोज एक वाजता येते. तिनं काकाचा चेहरा बघितला, मग वडिलांच्या हाताकडे बघितलं. वस्तऱ्याच्या कडेला पातं चमकत होतं.

"काका," ती अगदी हळू म्हणाली. "पातं आहे का त्यात?"

धाकट्यांनी मान हलवली.

"कोणी घातलं?"

धाकट्यांनी मान हलवली नाही.

शाळामास्तर टॉवेलसकट अर्धे उठले होते. पुतणीनं त्यांना हातानं खाली बसवलं. दुकानात चौघे जण होते ज्यांना काय चाललंय ते माहीत होतं, आणि चौघेही बघत उभे किंवा बसले होते. काम फक्त पाचवा करत होता.

दादांनी पोस्टमनची हनुवटी दोन बोटांनी वर केली. "इथं तीळ आहे तुमच्या. जबड्याखाली. गिळू नका आता."

पोस्टमननी गिळलं नाही. तो तीळ धाकट्यांनी आजवर दोनदा कापला होता. दादांनी अंगठ्यानं कातडी बाजूला ओढली, वस्तरा आडवा केला आणि तिळाला वळसा घालून वर आणला. मग दुसरा गाल. मग वरचा ओठ. शेवटी त्यांनी वस्तरा मिटला, स्वतःहून फळीवर ठेवला आणि तुरटी ओली करून चेहऱ्यावर फिरवली. कुठे कापलं असेल तर तुरटी झोंबते. पोस्टमननी डोळे मिटून वाट पाहिली. काही झोंबलं नाही.

धाकट्यांनी वस्तरा उचलून खिशात टाकला. पुतणी पुढे आली, कापसाचा बोळा घेतला आणि पोस्टमनच्या चेहऱ्यावरून, मानेवरून, तिळाभोवतीनं फिरवला. बोळा उजेडात धरला. पांढरा होता. तरी तिनं दुसरा घेतला.

दादा धाकट्यांकडे वळले. "आज पातं होतं."

"हो."

"रोज का नाही घालत? आळशी मेल्या." मग त्यांनी पोस्टमनकडे निरखून बघितलं, गालावरून हाताची मागची बाजू फिरवली. "तुम्ही आज कशाला आलात? दाढी केलीय की तुमची कोणीतरी. झकास केलीय."

मागच्या खोलीत डबा न उघडता काका-पुतणी समोरासमोर बसले.

"रक्त आलं नाही," धाकटे म्हणाले. "अट तीच होती."

"मला माहितीय अट काय होती. पण अट बाबांच्या हातांवर घातली होती. ते पास झाले. तुझं काय करू?"

"मी विसरलो," धाकटे म्हणाले. मग आठ महिने पोटात ठेवलेलं बाहेर आलं. "डॉक्टरांचा तिसरा शब्दही मला आला नव्हता. खिडकी. मलाही झालंय बहुतेक. दोघांचंही नाव घाल तिकडे."

"आधी डबा खा. संध्याकाळी डॉक्टर."

संध्याकाळी साडेपाचला डॉक्टरांनी रक्तदाब घेतला. एकशे अठ्ठ्याहत्तर आणि एकशे चार. पुन्हा घेतला, दोन आकड्यांचा फरक पडला. मग धाकट्यांना तीन नवे शब्द दिले, घड्याळाचं चित्र काढायला लावलं, शंभरातून सात-सात वजा करायला सांगितलं. तिन्ही शब्द आले. घड्याळात अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती, सांगितली होती तितकीच. डॉक्टरांनी किती झोपता, काय ओढता, गोळ्या कधी घेता हे विचारलं आणि उत्तरं मिळत गेली तसा त्यांचा पेन सावकाश झाला.

"आज तरी तुम्हाला त्या आजाराचं काही दिसत नाही," ते म्हणाले. "दिसतंय ते जागरण. अडीच तास झोपलेला माणूस पातंच काय, स्वतःचं डोकंही वस्तऱ्यात बसवेल. पण हा रक्तदाब असाच ठेवलात, सिगारेट अशीच ठेवलीत, तर दहा-पंधरा वर्षांनी मला वेगळं सांगावं लागेल. त्याआधी पक्षाघाताची सोय आहेच."

"म्हणजे मी विसरलो नव्हतो?"

"उलट. तुमचे हात जुनं काही विसरले नाहीत. नवं ठरवलेलं लक्षात ठेवायला डोकं जागेवर लागतं."

"मग दादांना निवासात ठेवायचं का?" पुतणीनं विचारलं.

"एक दिवस कदाचित ठेवावं लागेल. आज तुमच्या घरातला जास्त बिघडलेला माणूस हा आहे." पेनचं टोक धाकट्यांकडे होतं. "सांभाळणाऱ्याला सुट्टी द्या. त्याला झोपवा. रुग्णाची काळजी तिथून सुरू होते."

पुतणीनं निवासाला फोन करून नाव काढलं नाही, पण खाली सरकवलं. नव्या अटी तिनं रुग्णालयाच्या नोंदणी फॉर्मच्या मागच्या कोऱ्या बाजूला लिहिल्या आणि या वेळी काकाची सही घेतली. आठवड्यातल्या तीन रात्री दादा तिच्याकडे झोपतील. मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी ते विस्मरणाच्या रुग्णांसाठीच्या दिवसाच्या केंद्रात जातील. धाकट्यांच्या गोळ्या तिच्या पर्समध्ये राहतील आणि रोज एक वाजता डब्याबरोबर मिळतील. पोस्टरची एक प्रत मागच्या दाराला लागली, सिगारेट ओढताना माणसाचं तोंड जिथे येतं बरोबर त्या उंचीवर. आठाच्या तीन झाल्या आहेत. धाकटे दोन सांगतात.

दुसऱ्या वस्तऱ्याची खाच समोरच्या स्कूटर मेकॅनिकनं डाख देऊन कायमची बुजवून टाकली. आता त्यात पातं घालायचं म्हटलं तरी घालता येत नाही. दादांनी तो हातात घेऊन तोलला. "जड झालाय," म्हणाले, आणि कामाला लागले. पोस्टमननी मात्र अर्ज केला आहे की आपली दाढी दादांनीच करावी, आणि पातं घालून. कारण धाकट्यांनी परवा तीळ तिसऱ्यांदा कापला. अर्ज तोंडी असल्यामुळे फेटाळला गेला.

आज बुधवार. त्या बुधवारला सहा आठवडे झाले. दादा रात्री मुलीकडे झोपतील. ती त्यांना उद्या सकाळी सव्वानऊला दुकानात सोडेल. धाकट्यांना साडेआठला रुग्णालयात रक्तदाब दाखवायचा आहे. नंबर चौथा आहे आणि चिठ्ठी पुतणीकडे आहे. दारावरच्या पाटीतल्या ‘सकाळी आठ’ या शब्दांवर कागद चिकटवलेला आहे. उद्या दुकान साडेनऊला उघडेल.